वेळेअभावी राहिलेलं व्याख्यान

विद्यापीठाची व्याख्यानं आमच्या वाचनालयात सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्याकडे ज्ञान साचत जाईल. साचले ते किस्से! ज्ञान पाहुण्यांबरोबर गाडीत बसून परत जातं. आमच्याकडे उरतात सुकलेले हार, नारळ आणि किस्से. नारळाची चटणी होते. किश्श्यांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून सांगतो.

आधी माणसं सांगतो. धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरात आमचं लहानसं वाचनालय आहे. अध्यक्ष आहेत अक्का. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. अजूनही कोणी मध्येच बोललं की चष्म्यावरून अशा बघतात, की बोलणारा आपोआप उभा राहतो. दुसरे नाना, एसटीतले निवृत्त कंडक्टर. तिसरा मी. माझं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. शाळा दहावीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण बांधायला आलेल्या पुस्तकांतून झालं. दिवसभरात जे घडलं ते संध्याकाळी लिहून ठेवतो, त्यामुळे इथले शब्द ज्याचे त्याचे आहेत. पदरचं काही घातलेलं नाही. घालायची वेळच आली नाही!

प्राध्यापकांनी आपलं संशोधन गावोगाव जाऊन साध्या माणसांना सांगायचं, अशी ही योजना. कल्पना इतकी चांगली आहे, की तिचं जे होतं ते बघून डोकं फिरतं.

* * *

पहिल्याच वर्षी ‘ग्रामीण महिलांचं सक्षमीकरण’ असा विषय होता. स्टेजवर ओळीनं पुरुष. कुलगुरूंचे प्रतिनिधी, प्राचार्य, माजी प्राचार्य, नगरसेवक, आणखी कोणकोण. एवढ्या खुर्च्या मावेनात म्हणून कडेची एक काढली. ती अक्कांची होती!

समन्वयक सर म्हणजे विद्यापीठातर्फे या व्याख्यानांचं बघणारे गृहस्थ. ते अक्कांजवळ आले आणि अगदी आदरानं म्हणाले, “मॅडम, सत्काराचं तबक धरायला कोणी लेडीज मिळेल का?”

अक्कांनी तबक उचललं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “व्याख्यान ऐकून सक्षम झाले की बसेन वर. आत्ता तबक धरते.”

सर हसले. त्यांना तो होकार वाटला!

* * *

आता प्रज्ञाचं सांगतो. इथून पुढे सगळं तिच्याभोवतीच आहे.

प्रज्ञा पहूरची. वडील शेतमजुरी करायचे, घरात पदवी घेणारी ही पहिलीच. विद्यापीठात संशोधन करते. कपाशीवर फवारणी होते त्या गावांतल्या बायकांच्या अंगात ते औषध किती भिनतं, हा तिचा विषय. शिंदखेड्याजवळच्या एका गावात जाऊन तिनं बायकांचं रक्त घेतलं. बायका तयार नव्हत्या. “औषध बाप्ये फवारतात, रगत आमचं कशाला?” म्हणाल्या. तेव्हा लीलाबाई नावाच्या बाईनं सगळ्यांत आधी हात पुढे केला, म्हणून बाकीच्या बसल्या. लीलाबाईंचे हात कापतात. डॉक्टर अशक्तपणा म्हणून टॉनिक देतात.

सुई काढल्यावर लीलाबाईंनी प्रज्ञाचं मनगट धरलं. “रगत लई चालनी, पन काय निंघनं ते सांगाले येशी ना, बाई?”

प्रज्ञा म्हणाली, “रक्त घेऊन चाललेय, तशी सांगायलाही येईन. प्रत्येकीला सांगेन.”

रिपोर्ट आले. चांगले नव्हते. आणि तिचं गावात जाणं काही जमेना, कारण विद्यापीठ म्हणे, आधी व्याख्यानमालेत मांडा, मग गावात जा. म्हणून तिचं व्याख्यान आमच्याकडे ठेवलं.

संध्याकाळी प्रज्ञा वेळेच्या आधी आली. वहिनीची साडी नेसून, व्याख्यान घरी एकदा म्हणून बघून आलेली. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मग सत्कार सुरू झाले. ज्यांचा सत्कार झाला त्यांनी सत्काराला उत्तर दिलं. ज्यांनी सत्कार केला त्यांचाही सत्कार झाला! त्या दिवसाचे अध्यक्ष अक्का नव्हत्या, बाहेरचे पाहुणे होते. त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून अध्यक्षीय भाषण आधीच घेतलं. अध्यक्ष गेले, त्यांच्या मागे अर्धा हॉल गेला.

मग सर माइकवर आले. “वेळेअभावी आजचं मुख्य व्याख्यान होऊ शकत नाही. सर्वांनी चहा घेऊन जावे.”

माझा कानांवर विश्वास बसेना. पण खरा कळस पुढे आहे. आभार मानणाऱ्या गृहस्थांचं भाषण घरून लिहून आणलेलं. त्यांनी कागद उलगडला आणि वाचलं, “प्रमुख वक्त्यांनी अत्यंत सोप्या भाषेत अमूल्य मार्गदर्शन केले. आपण सारे भारावून गेलो आहोत!”

टाळ्या!

प्रज्ञा कागद छातीशी धरून तशीच बसलेली. नाना तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “बेटा, तिकीट फाडलं आणि गाडी सोडलीच नाही, असं मी नोकरीत कधी केलं नाही.”

ती म्हणाली, “नाना, लीलाबाईंचा आज सकाळीच फोन होता. आता त्यांना काय सांगू? भारावून गेले म्हणून?”

* * *

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अक्का म्हणाल्या, घरात बसून चिडण्यापेक्षा जळगावला विद्यापीठात जाऊन चिडू. गेलो. मी, अक्का आणि प्रज्ञा.

समन्वयक सरांनी चहा मागवला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हेच फार अवघड आहे. वाईट असते तर भांडता आलं असतं.

“गावात कार्यक्रम करू ना,” ते म्हणाले. “प्रायोजकसुद्धा मिळालेत. शिंदखेड्याकडचे शेठ, मंडप-जेवण सगळं त्यांचं. फक्त विषय जरा बदलू. ‘फवारणीच्या औषधांचे दुष्परिणाम’ हे निगेटिव्ह वाटतं. ‘आनंदी शेती, आनंदी महिला’ असं ठेवू.”

“शेठ करतात काय?” अक्कांनी विचारलं.

सरांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. “औषधांचं दुकान आहे. शेतीच्या.”

अक्कांनी बशी परत सरकवली.

प्रज्ञा म्हणाली, “सर, विषय काहीही ठेवा. मला बायकांना रिपोर्ट सांगायचेत.”

“अगं, आधी पेपर छापून येऊ दे. घाई कशाला?”

“पेपर इंग्रजीत येईल, सर. त्या बायकांना इंग्रजी येत नाही.”

“मग काय प्रश्न आहे?” सर खरोखर मोकळेपणानं म्हणाले. “गैरसमज पसरायची भीतीच नाही!”



* * *

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे दुसऱ्याच विषयाचं व्याख्यान होतं. समोर नर्सिंगच्या मुली, कॉलेजनं पाठवलेल्या. व्याख्यान संपलं, फोटो झाले. मुली उठायला लागल्या तशी सर ओरडले, “थांबा, थांबा! बसा खाली!”

दोन माणसांनी स्टेजवरचं बॅनर सोडलं आणि दुसरं लावलं. मी वाचलं. ‘आनंदी शेती, आनंदी महिला. तालुका शिंदखेडा.’ खाली शेठचा फोटो, हात जोडलेला.

“मुलींनो, ॲप्रन काढून ठेवा. ओढण्या डोक्यावरून घ्या. हं, जरा शेतकरी महिला वाटा!”

मला कळायला वेळ लागला. नानांना लगेच कळलं.

“सर, म्हणजे शिंदखेड्याचा कार्यक्रम झाला?”

“नाना, मार्च जवळ आलाय, निधीचा हिशेब द्यायचाय. फोटो लागतात. लोकांना तिकडं गोळा करायचं म्हणजे किती त्रास, तुम्हाला माहिती आहे.”

“मग बरोबर आहे,” नाना म्हणाले. “गाव जागेवर ठेवलं आणि शिंदखेडा इथं आणला. आमच्या महामंडळाला हे सुचलं असतं तर डिझेल वाचलं असतं!”

एक मुलगी पहिल्या रांगेत ओढणी घेऊन बसलेली. फोटोग्राफर म्हणाला, “ताई, हसू नका, गंभीर बसा.” ती म्हणाली, “भाऊ, बॅनरवर आनंदी महिला लिहिलंय.”

सगळा हॉल हसला. मी हसलो नाही. कारण कागदोपत्री गावातला कार्यक्रम झाला होता. आता तो पुन्हा होणार नव्हता, आणि लीलाबाईंचा फोन तर येणारच होता.

* * *

पण तो कार्यक्रम झाला. आणि कोणी करवला? शेठनं!

उन्हाळ्यात त्यांनी ते फोटो पाहिले आणि थेट समन्वयक सरांना फोन लावला. सर नंतर आमच्यासमोर कपाळाला हात लावून सांगत होते. शेठ म्हणाले होते, “फोटोत माझं बॅनर दिसतंय, पण माझ्या गिऱ्हाइकाला कुठं दिसलं? हंगाम तोंडावर आलाय. गावात मंडप टाका!”

बायकांना ज्यानं औषध विकलं, त्याच्याच हौसेपायी विद्यापीठ त्या बायकांपर्यंत पोचलं. आम्ही अर्ज, विनंत्या करून दमलो होतो. यावर हसायचं की कशावर तरी डोकं आपटायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पत्रिकेवर प्रज्ञाचं नाव सगळ्यांत खाली होतं. पुढे कंसात ‘वेळ मिळाल्यास’.

अक्कांनी पत्रिका वाचली, चष्मा पुसला. “वेळ मिळणार नाही,” त्या म्हणाल्या. “आपण वेळ मागायचाच नाही. खोली मागू.”

मंडप शाळेच्या पटांगणात होता. अक्कांनी गुरुजींकडून मागच्या वर्गाची किल्ली घेतली, ‘वक्त्या बाईंना साडी नीट करायचीय’ म्हणून. प्रज्ञा आत रिपोर्ट घेऊन बसली. मी दाराबाहेर उभा राहिलो. नाना मंडपात बायकांच्या मागे बसले, आणि स्टेजवर सत्कार सुरू झाले तसे एकेकीला उठवायला लागले. एक जायची, ती आली की दुसरी. कंडक्टर माणूस, एकीचाही नंबर चुकला नाही.

येताना गाडीत प्रज्ञानं आम्हाला सांगितलं होतं. बायका फवारत नाहीत, पण बादलीत औषध त्याच कालवतात. दुसऱ्या दिवशी ओल्या पिकात तण निंदायला त्याच जातात. आणि रिकामे डबे. चांगले जाड प्लास्टिकचे, झाकणाचे. ते धुऊन घरात वापरतात. कोणी त्यात मीठ ठेवतं, कोणी शेतात प्यायचं पाणी नेतं. हे प्रत्येकीला सांगायचं आणि कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते लिहून द्यायचं, एवढंच तिचं व्याख्यान होतं.

आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतंच. बाहेर येणाऱ्या बाया बघत होतो. जाताना एकमेकींना कोपरानं ढोसत, हसत जायच्या. येताना पदर तोंडाशी असायचा. एक तरणी पोर बाहेर आली, मला म्हणाली, “भाऊ, मी अंगावर पाजस हो पोरले,” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता गेली.

लीलाबाई शेवटी आत गेल्या. बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा हात नेहमीसारखेच कापत होते, पण चेहरा शांत होता.

“अशक्तपना नही व्हता, भाऊ,” एवढंच म्हणाल्या. मंडपाकडे गेल्या नाहीत. सरळ घराकडे चालू लागल्या.

मी मंडपात येऊन उभा राहिलो. स्टेजवर शेठ बोलत होते. गळ्यात हार, अंगावर शाल, समोरच्या टेबलावर पुष्पगुच्छांची रास.

“भगिनींनो, आपल्या मालाची क्वालिटी काय सांगू! औषध तर सोडाच, त्याचा डबासुद्धा वाया जात नाही. घराघरात वापरतात! आहे की नाही?”

पूर्वी या वाक्याला हशा मिळत असणार. शेठ त्यासाठी थांबलेसुद्धा. कोणी हसलं नाही.

तेवढ्यात लीलाबाई मंडपात शिरल्या. हातात पांढरा डबा. मधल्या वाटेनं सरळ स्टेजपर्यंत गेल्या. झाकण काढून आतलं पाणी तिथंच जमिनीवर ओतलं. पायऱ्या चढल्या आणि डबा टेबलावर, पुष्पगुच्छांच्या मधोमध ठेवला.

“शेठ, तुम्हना डबा शे,” त्या म्हणाल्या. “आते तुम्हीच ठेवा.”

शेठनं डब्याकडे पाहिलं, मग समन्वयक सरांकडे. सरांनी पत्रिकेकडे पाहिलं.

सूत्रसंचालन करणारे गुरुजी माइकपाशी कागद जुळवत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांना एवढंच दिसलं, की एक बाई स्टेजवर आली आणि शेठसमोर काहीतरी ठेवून गेली. त्यांनी माइक ओढला. “आणि आता, गावातील समस्त महिला भगिनींच्या वतीने शेठजींचा सत्कार! जोरदार टाळ्या!”

शेठ सवयीनं हात जोडून उभे राहिले.

टाळ्या वाजल्या नाहीत. बायकांच्या बाजूला नुसत्या खुर्च्या होत्या. लीलाबाईंच्या मागोमाग सगळ्या बाया आपापले डबे आणायला घरी गेल्या होत्या.