दहावी नापासाचा माड

सुनामीनंतर किनाऱ्याचे नकाशे सगळ्यांनाच हवे झाले होते, आणि माझी पहिलीच नोकरी तीच: समुद्र किती आत येतोय ते मोजायचं आणि अहवाल लिहायचा. मला मिळाली तारकर्लीजवळची एक वाडी. तिचं नाव धूपग्रस्त किनाऱ्यांच्या यादीत गेलं तर बंधारा होणार. नाही गेलं तर समुद्रालगतची घरं पाण्यात जाणार. एवढं सरळ होतं.

मी वाळूत रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या. महिन्याने मोजायला गेले तर एकही नाही! बायकांनी उपटून परसात मासे सुकवायच्या दोऱ्या बांधलेल्या. सगळ्यात जास्त खुंट्या सापडल्या त्या मासे विकणाऱ्या एका काकीकडे. ती जराही ओशाळली नाही, उलट आणखी चार घेऊन ये म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "समुद्र मोजूचो तर माड मोज गो. माझ्या झिलाचो माड थंय होतो. आता थंय पाणी आसा."

झील म्हणजे मुलगा. त्या वाडीत मूल झालं की बाराव्या दिवशी त्याच्या नावाचा माड लावतात. त्यातले कितीतरी समुद्राने नेले होते, पण बुंधे ओहोटीला दिसायचे! मी गुडघाभर पाण्यात टेप धरून उभी आणि काकी काठावरून सांगतेय कुणाचा कुठला. कधी पडला विचारलं की साल कुणीच सांगेना. अमकीचं लग्न झालं तेव्हा, तमका सातवीत होता तेव्हा.

नकाशा घेऊन आम्ही ओरोसला जिल्हा कचेरीत गेलो. काकीचा झील बसमध्ये तिला सारखा बजावत होता, तो कागद काढू नकोस. साहेबांनी नकाशा नीट बघितला आणि विचारलं, "माड पडल्याचं साल कशावरून धरलंत?"

काकीने पिशवीतून झिलाचा शाळा सोडल्याचा दाखला काढला.

"ह्यो दहावी नापास झालो त्याच पावसात ह्येचो माड गेलो, सायबानू. साल हंय लिवलला आसा."

झील खाली बघत बसला. साहेबांनी दाखला वाचला, त्याच्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि साल लिहून घेतलं. मग म्हणाले, बाकीच्यांचे दाखले आहेत का? बाहेरच्या बाकावर वाडीतल्या सगळ्या बायका दाखले घेऊनच बसल्या होत्या!

यादी आली. आमची वाडी त्यात! बंधाऱ्याचा पहिला दगड पडला तेव्हा काकीचा झील त्यावर चढून उभा राहिला आणि अख्ख्या वाडीला म्हणाला, "आता माका कोणी नापास म्हणू नका."