लग्नात न वाजलेली सनई

आमच्या थोरलीच्या लग्नात सनई वाजली नाही. भटजी नव्हता, अंतरपाट नव्हता, अक्षताही नव्हत्या. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली, माझ्या आईनं त्रिशरण-पंचशील सांगितलं, मांडवानं तिच्या मागोमाग म्हटलं आणि मग फुलं टाकली. लग्न खुटबावला, आमच्या वस्तीपुढच्या मोकळ्या जागेत झालं. हजर असलेली बरीच माणसं आजही आहेत, कुणालाही विचारा. तरी निमोण्यात, मुलीच्या सासरी, लोक म्हणायला लागले की ह्या पाव्हण्यानं गुपचूप भटजी आणून मंगलाष्टकं म्हणून घेतली. कारण क्यासेटीत तसं होतं.

ही नव्वदनंतरच्या सालांतली गोष्ट. त्याआधी आमच्यात लग्नाला फोटोवाला आला तरी खूप झालं. दौंडला स्टेशनच्या बाजूला एक स्टुडिओ होता. आत बागेचा रंगवलेला पडदा, पुढं एक खुर्ची. लग्नानंतर जोडी सवडीनं तिथं जायची, नवरा खुर्चीत बसायचा, नवरी बाजूला उभी राहायची, आणि तो एक फोटो जन्मभर भिंतीवर. मग त्याच स्टुडिओवाल्यानं व्हिडीओ कॅमेरा घेतला. खांद्यावर ठेवायचा, आणि ठेवला की माणूस एका बाजूला कलायचा. व्हीसीआरला लागते तीच मोठी क्यासेट त्याच्या पोटात बसायची. बरोबर हॅलोजनचा दिवा धरणारा दुसरा माणूस, आणि त्याची वायर मांडवभर लोकांच्या पायांत. दिवा पंगतीवर आला की जेवणारा घास हातात धरून थांबायचा. फोटोसारखं थांबायचं नसतं, हलायचं असतं, हे लोकांना कळायला काही वर्षं गेली.

मला ह्यातलं काही नको होतं. मी रेल्वेच्या लायनीवर काम केलेला माणूस, शाळा तिसरीपर्यंत. बघितलं ते बघितलं, ते डब्यात भरून कशाला ठेवायचं, असं माझं मत. पण व्याह्यांनी सगळ्या लग्नात एवढंच मागितलं होतं. मी म्हटलं, होऊ द्या.

आईचं आणि दिव्याचं पहिल्यापासून जमलं नाही. ती हात जोडून उभी राहिली आणि दिवावाला तिच्या तोंडापुढं आला. तिनं तोंड उघडलं ते पंचशील सांगायला नाही.

"आरं, सरक की बाजूला. तुझ्या उजेडात मला बुद्ध दिसंना!"

सगळा मांडव हसला. दिवावाला सरकला. मग तिनं सुरू केलं. आईला अक्षर येत नव्हतं. हे सगळं तिनं ऐकून ऐकून पाठ केलेलं, म्हणून सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणायची.

आता पुढचं कळायला हे माहीत पाहिजे की कॅमेऱ्यातली क्यासेट घरी देत नसत. ती मिक्सिंगला जायची. दौंडचा स्टुडिओवाला शिरूरला एकाकडं मिक्सिंग करून घ्यायचा. तो दोन व्हीसीआर शेजारी लावून, नको ते गाळून, दुसरी क्यासेट तयार करायचा आणि तिला वरून गाणी लावायचा. ती तयार क्यासेट स्टुडिओवाल्यानं परस्पर जावयाला दिली. आमच्या घरी टीव्हीच नव्हता, त्यामुळं मी ती बघितली नव्हती.

निमोण्याला समाजमंदिरात भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणून त्यांनी सगळ्या वस्तीला बोलावलं. कांदा काढणीमुळं लग्नाला पुष्कळांना येता आलं नव्हतं, ते खास आले. क्यासेट लागली. आधी गणपती आला. त्याच्या सोंडेतून चांदण्या पडल्या. मग नवरा-नवरीची नावं गोल फिरली. मग सनई, आणि आमची मेणबत्ती, आमची फुलं, आमचे हात जोडलेले लोक, आणि वरून खणखणीत आवाजात मंगलाष्टकं. आईचं तोंड जेमतेम दिसलं. तेही मंगलाष्टकं म्हणत असल्यासारखं. तेवढंही गाळलं असतं तर बरं.

व्याही स्वतः क्यासेट पिशवीत घालून खुटबावला आले. चहा झाला तरी पिशवी मांडीवरच.

"पाव्हणं, मी हजर होतो. मला कुणी सांगायला नको," ते म्हणाले. "पण आमच्यात एक चुलता हाय माझा, लग्नाला न्हवता. तो म्हणतो, तुम्ही जेवायला गेला असाल तवा उरकून घेतलं आसंल."

"लग्न लागायच्या आधी जेवायला कोण जातं?"

"तेच म्या म्हणलं. तर म्हणतो, मग आवाज कुठनं आला? टीव्ही काय खोटं बोलतोय व्हय?"

"आन् पोरगी?"

व्याह्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली. "नळावर बायका बोलत्यात. सनईवाल्याची पोरगी म्हणत्यात. ती काय घरात सांगत न्हाई, पण ऐकू येतंय."

माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही. गावात त्यापायी काय काय ऐकून घेतलं ते मी इथं लिहीत बसत नाही. एवढंच सांगतो की कुणी काही म्हटलं तरी आम्ही मागं सरलो नव्हतो, आणि आता माझ्याच पोरीला माझ्याच माणसांत खाली बघावं लागत होतं. माझ्या शब्दापेक्षा एका डब्याचा शब्द वरचढ झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी दौंडला गेलो. माझं म्हणणं सोपं होतं: कॅमेऱ्यातली मूळ क्यासेट द्या, त्यात आईचा आवाज आहे.

"मामा, ती कॅमेऱ्यात परत गेली," स्टुडिओवाला म्हणाला. "तिच्यावर दुसऱ्या लग्नाची हळद भरली."

"आन् आमचं लग्न?"

"पुसलं. एकावर दुसरं भरलं की पहिलं जातंच."

"एका क्यासेटीवर किती लग्नं लावता तुम्ही?"

"टिकंल तितकी," तो म्हणाला. थट्टा नव्हती त्यात. त्याचा धंदाच तसा होता. सगळेच तसं करत.

म्हणजे चित्र एकाच क्यासेटीत उरलं होतं, आणि त्यातला आवाज गेला होता. व्याही ती माझ्याकडं ठेवून गेले होते, ती घेऊन मी शिरूरला गेलो. मिक्सिंगवाल्याची खोली एका जिन्याखाली होती. चाळिशीतला माणूस, गालात तंबाखू, खोलीभर वायरी. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण तो भांडायला तयार नव्हता.

"आम्ही सगळ्यांनाच हे लावतो, मामा. गणपती, सनई, मंगलाष्टकं, शेवटी पाठवणीचं गाणं. तयारच असतंय."

"सगळ्यांना म्हंजी कुणाकुणाला?"

"ज्याचं लग्न असंल त्याला." मग म्हणाला, "एका निकाहच्या क्यासेटीला पण लागलं होतं. ते बी आले होते असेच."

"मग?"

"मग काय, काढलं."

गणपती काढायला तो लगेच तयार झाला. त्याच्या जागी लावायला मी घरातली बुद्धाची तसबीर बरोबर आणलीच होती, ती दिली. त्यानं ती उशीला टेकवून कॅमेऱ्यानं टिपली. आवाजाचं म्हणाल तर बाजारात वंदनेची तयार क्यासेट मिळते, त्यातला आवाज भरू, म्हणाला. चांगला गायक आहे, पेटी-तबला आहे.

"आन् तोंड कुणाचं दिसणार?"

"आज्जींचं."

"माझ्या आईच्या तोंडातनं पेटी-तबला वाजवणार?"

"लोकांना चालतं."

"मला चालत न्हाई."

त्यानं तंबाखू थुंकली. मग म्हणाला की चित्राला हात न लावता नुसता आवाज नव्यानं भरता येतो, त्याच्या मशीनला तशी सोय आहे. आज्जींना इथं आणलं तर तो माईक देईल. मला वाटतं, मी नाही म्हणीन म्हणून तो हे बोलला. मी म्हटलं, आणतो.

आईला घेऊन चौफुल्यावरून न्हावरा मार्गे एस.टी.नं शिरूर गाठलं. ती वाटभर एकच विचारत होती, एकदा म्हणलेलं परत का म्हणायचं. मी सांगितलं, आवाज पुसला. ती म्हणाली, "माझा कुणी पुसला? मी तर बोलतीय."

खोलीत तिला टीव्हीपुढं स्टुलावर बसवलं. तिनं स्वतःला टीव्हीत पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाली, "ही एवढी वाकलीय का रं?"

"आज्जी, टीव्हीत तुमचं तोंड उघडलं की तुम्ही सुरू करायचं," मिक्सिंगवाला म्हणाला. "तिथं बंद झालं की इथं बंद."

"ती कोण मला थांबवणारी?" आई म्हणाली. आणि उठून उभी राहिली. बसून म्हणायचं नसतं.

अडचण अशी होती की मिक्सिंग करताना ह्या गड्यानं पंचशील मधूनच गाळलं होतं. नुसती माणसं उभी, त्यात बघायला काय, म्हणून. आईनं आपल्या सावकाशीनं सुरुवात केली. टीव्हीतली आई दोन ओळींत संपली. इकडची चालूच. टीव्हीत फुलं पडली, आईचं चालू. हार झाले, आईचं चालू. पंगत बसली, बुंदी वाढली, हॅलोजनमध्ये लोक घास धरून थांबले, आणि वरून आईचा आवाज, हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही. मिक्सिंगवाला हातानं खुणा करत होता. आईनं डोळे मिटले होते. पाचवं शील, दारूचं, येईतो टीव्हीत वरात निघाली होती आणि निमोण्याची तरुण मंडळी बँडपुढं नाचत होती. ती कशाच्या जोरावर नाचत होती ते लहान पोरालाही कळलं असतं.

तो मशीन बंद करून म्हणाला, "आज्जी, परत घेऊ. दारूचं नेमकं नाचणाऱ्यांवर गेलं."

"मग बरोबर हाय की. त्यांनाच सांगायचं हाय."

"आन् बाकीचं जेवणावर गेलं हो!"

"जेवताना बी पाळायचंच असतंय," आई म्हणाली. "मी मधनं तोडून म्हणणार न्हाई आन् पळवून बी म्हणणार न्हाई. तुला तोडायची हौस होती, तवा तोडलंस."

तो माझ्याकडं वळला. मी म्हटलं, राहू द्या तसंच. क्यासेट तशीच राहिली.

निमोण्याला परत टीव्ही आणला, त्याच समाजमंदिरात. ह्यावेळी मीही गेलो. व्याह्यांचा चुलता पुढं पाट घेऊन बसला होता. बुद्धाची तसबीर आली, मागं उशीची शिवण दिसत होती. मग आईचा आवाज सुरू झाला, आणि कुणी न सांगता माणसं उठून हात जोडून उभी राहिली. वंदना चालू असताना बसून राहायची सवय कुणालाच नाही. टीव्हीत फुलं पडली, लोक उभे. पंगत बसली, लोक उभे. पडद्यावर व्याह्यांच्या तोंडात त्यांचा मेहुणा बुंदी कोंबत होता आणि खाली व्याही हात जोडून, मान ताठ ठेवून स्वतःला बघत होते. बायकांत खुसखुस सुरू झाली. पाचव्या शीलाला नाचणारी मंडळी भिंतीकडं बघत होती.

आवाज थांबला तसे सगळे बसले. चुलता बसला नाही.

"हे मागनं भरलंय," तो मोठ्यानं म्हणाला. "माणसं जेवतायत आन् पंचशील चाललंय, असं कुठल्या लग्नात असतंय? मी काय येडा हाय का?"

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठलो.

"व्हय आप्पा, मागनंच भरलंय. मूळचा आवाज पुसला गेला. आईला शिरूरला नेऊन परत म्हणायला लावलं."

"म्हंजी असं मागनं भरता येतं?"

"तुमच्यापुढंच हाय."

"कुणाचा बी आवाज?"

"कुणाचा बी."

तिथं बसलेल्या प्रत्येकाला सनईचं आपोआप कळलं, मला पुढं एक शब्द बोलावा लागला नाही. चुलत्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"मग लेका," तो व्याह्यांना म्हणाला, "पहिल्यांदाच सांगायचं न्हाई का, टीव्ही बी खोटं बोलतो म्हणून?"

लोक हसले. टीव्हीत वरात चालूच होती, ती सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितली. थोरली दारात उभी होती. नळावरचं बोलणं थांबलं का, ते मी तिला विचारलं नाही. निघताना तिनं आज्जीसाठी डब्यात बेसनाचे लाडू दिले आणि सांगितलं, तिचा आवाज फार चांगला आलाय. मी ते घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, शिरूरला घसा जरा बसला होता, नाहीतर आणखी चांगला आला असता.