खळ्यावरचं घर

भातसानगरच्या वसाहतीत धर्मा विशेचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "त्याच्या हातचं काम गळत नाय." धरणाच्या दरवाजांवर फिटर म्हणून त्यानं सगळी नोकरी केली. रबराची सीलं बदलायची, झडपा बसवायच्या, थेंबसुद्धा बाहेर येता कामा नये हे बघायचं. वसाहतीत कुणाचा नळ ठिबकायला लागला तरी बायका धर्मालाच हाक मारायच्या आणि हा लगेच पान्हा घेऊन निघायचा, कारण चहापेक्षा त्याला स्तुती जास्त आवडायची. हे त्याच्या बायकोचं, शकूचं म्हणणं आहे. आणि शकू नवऱ्याबद्दल उगाच काही बोलणारी नाही.

निवृत्त झाल्यावर लोक घरावर मजला चढवतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरून भांडणं करतात. धर्मानं एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस आणली, शहापूरच्या घरामागे उभी केली आणि तिच्यात घर बांधायला घेतलं. सीटा काढून फळ्यांचा पलंग केला. गॅसची शेगडी बसवली, छपरावर पाण्याची टाकी ठेवली, दिवे, पंखा, भिंतीला छोटा टीव्ही लावला. मागच्या कोपऱ्यात आडोसा करून संडास, त्याच्याखाली गाडीच्या पोटाला लटकवलेली मैल्याची टाकी आणि ती रिकामी करायला जाड पाइप आणि झडप. पाइप जमिनीच्या फार जवळ आला होता, पण उतार चांगला मिळतो म्हणून त्यानं तो तसाच ठेवला. दिव्या-पंख्याला वेगळी बॅटरी लावायला हवी, हेही त्याला ठाऊक होतं. ते त्यानं पुढच्या खेपेवर ढकललं आणि सगळं गाडीच्याच बॅटरीवर जोडून टाकलं.

पण सुख मिळालं, हे खरंच. कसारा घाट चढताना रेडिएटर तापला तेव्हा दोघांनी झाडाखाली गाडी लावली, बॉनेट उघडं टाकलं आणि इंजिन निवेपर्यंत तिथंच पिठलं-भात करून जेवले. माळशेजच्या माथ्यावर सकाळी दार उघडलं तर ढग पायरीशी आलेले. शकूनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांखेरीज कुठं प्रवास केला नव्हता. ती दारात बसून चहा पीत राहिली. कुठं नट ढिला व्हायचा, कुठं वायर सुटायची. धर्मा गाडीखाली शिरायचा, शकू पान्हे द्यायची. इतकी वर्षं संसार केला, पण एकमेकांशी इतकं ती दोघं कधी बोलली नव्हती.

या सुखात धर्माला एकच गोष्ट करायची राहिली होती. ही गाडी मितालीच्या सासरी न्यायची.

मिताली त्यांची एकुलती एक लेक. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढच्या एका गावात. जावई प्रणित कंपनीत जातो, व्याही पंढरी आणि विहीण गिरजा शेती बघतात. माणसं चांगली, भातशेती मोठी, बोलणं मोजकं. लग्नात आपण जरा कमीच पडलो, असं धर्माच्या मनानं घेतलं होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण मुलीच्या बापाला म्हणावं लागत नाही. आता गाडी दारात उभी राहिली, सगळ्या गावानं पाहिली, म्हणजे लेकीची मान वर होईल, असा त्याचा हिशेब होता.

त्यात त्याला एक जुनी रीतही सोयीची सापडली. नातवंड होईपर्यंत मुलीच्या बापानं तिच्या सासरी मुक्काम करू नये, असं जुनी माणसं पाळायची. आता कोण एवढं पाळतं? धर्मानंही कधी पाळलं नसतं. पण फोनवर मिताली म्हणाली, "बाबा, राहायलाच या," तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "आमी आमच्या घरात झोपू गो. घर घेऊनच येतोय." पलीकडे मिताली जरा गप्प झाली. त्याला वाटलं, रेंज गेली.

कापणी होऊन भाताचे भारे शेतात रचलेले होते तेव्हा ती दोघं तिथं पोचली. पंढरीच्या घरापुढं खळं नुकतंच तयार झालेलं, चोपून, शेणानं सारवून, हिरवंगार. दुसऱ्या दिवशी सकाळी झोडणी होती. सावडीची माणसं, म्हणजे आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे अशी आळीपाळीनं कामाला येणारी गावातली मंडळी, उजाडताच यायची होती. खळं सासू-सुनेनं मिळून सारवलं होतं. मितालीचा हा सासरचा पहिला हंगाम, आणि कडेची बोटांची नक्षी तिनं काढलेली. गिरजा येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ते कौतुकानं सांगत होती.

आता चाकांवरच्या घराची एक खोड असते. जमीन सपाट लागते. गाडी कलती उभी राहिली की झोपताना डोक्यात रक्त उतरतं आणि मोरीतलं पाणी उलट वाहतं. धर्मानं गाडी इथं लावून पाहिली, तिथं लावून पाहिली, पण त्या गावात सगळीकडे चढउतार. सपाट जागा एकच होती. तो खळ्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याची नजर पंढरीनं पाहिली.

"लावा की खळ्याव," पंढरी म्हणाला. "पहाटं काढा म्हणजे झालं."

खळ्यावर कुणी चप्पल घालून पाऊल टाकत नाही. दाणा पडायची जागा ती, तिथं नारळ फुटतो. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या धर्माला हे शिकवायला नको होतं. आणि दारात आलेल्या व्याह्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, हेही त्याला कळत होतं. मिताली सासऱ्यामागे उभी राहून डोळ्यांनी नको नको म्हणत होती. ते त्यानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि गाडी खळ्यावर घेतली.

संध्याकाळी गाव लोटलं. धर्मानं दिवे लावले, पंखा लावला, टीव्ही लावला. बाईजा नावाची एक म्हातारी आत डोकावली. "संडास चुलीच्या बाजूला?" ती म्हणाली. "मंग जेवताना तोंड कुठं करता?" सगळे हसले, धर्माही हसला, आणि मग त्यानं कळ दाबून पाणी कसं जातं ते दाखवलं. मग प्रत्येकाला कळ दाबून बघायची होती. "टाकी भरंल," शकू कुजबुजली. "माज्या हातची झडप हाय," धर्मा मोठ्यानं म्हणाला. गिरजा दोनदा जेवायला बोलवायला आली. जेवण घरात झालं, पण झोपायला धर्मा शकूला घेऊन गाडीत परतला, तिचं मन घरात घुटमळत असतानासुद्धा.

सकाळी किल्ली फिरवली तर गाडीनं नुसतं टक् केलं. संध्याकाळच्या सगळ्या थाटात बॅटरी उतरून गेली होती.

तोवर सावडीची माणसं डोक्यावर भारे घेऊन आली होती. खळ्यावर गाडी बघून ती भारे घेऊनच थांबली. पंढरीनंच भारे कडेला उतरवायला सांगितले आणि म्हणाला, "धक्का मारू. हाय काय त्याच्यात." पायातल्या चपला काढून सगळे गाडीमागे लागले, बायकासुद्धा, मितालीसुद्धा. धर्मानं दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला.

इंजिन लागलं. त्या आनंदात त्यानं अॅक्सिलरेटर दाबला. खळ्याच्या कडेला दगडांची बुटकी ओळ होती, तिच्यावरून पुढची चाकं गेली, मागची गेली, मागं काहीतरी खाडकन वाजलं. भांडं पडलं असेल, असं त्याला वाटलं. रस्ता दुसऱ्या अंगाला होता, म्हणून गाडी वळवून तो परत खळ्यावरूनच रस्त्यावर आला आणि खिडकीतून हात काढून त्यानं सगळ्यांना आभाराचा सलाम केला. मग आरशात पाहिलं. माणसं जिथल्या तिथं उभी होती आणि प्रत्येकानं नाकाला पदर नाहीतर टॉवेल लावला होता.

झडप पाइपासकट तुटली होती. भरलेली टाकी खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांडत आली होती, हिरव्या सारवणावरून, मितालीच्या नक्षीवरून, धक्का मारणाऱ्यांच्या अनवाणी पायांवरून. काही भाऱ्यांवरही शिंतोडे उडाले होते.

धर्मा उतरला. तो गाडीखाली शिरला, पाइपाच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी कोंबली, तारेनं आवळली. ठिबकणं थांबलं, पण आता त्याला कोण विचारत होतं? बाहेर यायची हिंमत होत नव्हती, म्हणून बांधून झालं तरी तो तिथंच पडून राहिला आणि पायांकडे बघत राहिला. पाय एकेक करून विहिरीकडे धुवायला गेले. कुणी शिवी दिली नाही. एखादी दिली असती तर बरं झालं असतं. म्हातारी बाईजा, जिची जीभ गावात कुणाला सोडत नाही, तीसुद्धा गप्प होती. सुनेचा बाप म्हणून ती गप्प होती, हे त्याला कळलं आणि ते जास्त लागलं.

"होतं असं," पंढरी वाकून म्हणाला. "तुमी हात धुवा." मग त्यानं माणसांना सांगितलं की आजची झोडणी शेजारच्या आळीत करा, आमचं सगळ्यांत शेवटी बघू. हे सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

धर्मानं फावडं मागितलं. खळ्याची घाण झालेली माती तो खरवडू लागला, पण पंढरीनं फावडं हातातून काढून घेतलं. "असं नका करू, व्याही. लोक बघतात." पाहुण्यानं राबावं, तेही व्याह्यानं, ही त्या घराला आणखी एक नामुष्की होती. म्हणजे चूक आपण केली आणि निस्तरायचीही सोय नाही. गिरजा आणि मिताली पाट्या घेऊन माती भरू लागल्या. धर्मा रिकाम्या हातांनी बाजूला उभा राहिला. त्या दोघींचे हात कोपरापर्यंत त्याच्या घाणीत होते.

गाडी रस्त्यावर धडधडत होती. बॅटरीत जीव नव्हता, म्हणून ती बंद करून चालणार नव्हतं. निघून जावं, एवढंच त्याच्या मनात होतं. शहापूर गाठावं, दार लावून घ्यावं, पुन्हा या रस्त्याला येऊ नये. चाकांवरच्या घराचा हाच तर फायदा. तो ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला आणि शकूला हाक मारली. शकू आली नाही. ती केव्हाच पदर खोचून घरात शिरली होती आणि विहिणीच्या चुलीवर सगळ्यांना आंघोळीचं पाणी तापवत होती.

खिडकीशी मिताली आली. हात धुतले होते, पण वास येत होता.

"बाबा, गाडी बंद करा."

"बंद केली तर चालू व्हायची नाय गो. परत धक्का लागंल."

"नाय झाली तर नाय."

"मी जातो. आईला पाठव. तुला मी कुठं तोंड दाखवायला जागा नाय ठेवली."

मितालीनं खिडकीच्या कडेला हात ठेवला. ती रडत नव्हती. रागावलीही नव्हती, निदान तसं दिसत नव्हतं. "खळ्याचं काय, ते आमी दोघी परत सारवू. झोडणी आठ दिवसांनी होईल," ती म्हणाली. "काल माडीवर तुमचं अंथरूण घातलेलं. सासूबाईंनी पेटीतली नवी चादर काढली. बोलल्या, तुजा बाप पयल्यांदा राहायला येतोय. रात्री आमी दोघींनी ती घडी करून परत पेटीत ठेवली. त्या काय बोलल्या नाय. मीपण नाय बोलले."

धर्मा स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"तुमी माज्या घरी आलातच नाय, बाबा. दारात तुमचं घर लावलंत."

त्याला काही सांगायचं होतं, रीत, जुनी माणसं, असं काहीतरी. पण ते सगळं खोटं होतं आणि ते लेकीला कळत होतं. "मला आत यायला तोंड नाय, मिताली," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"मंग मान खाली घालून या," मिताली म्हणाली. "पण आत या."

ओटीवर पंढरी उभा होता. विहिरीवर पाय धुणारी माणसं इकडेच बघत होती. धर्मानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं. चपला त्यानं गाडीतच ठेवल्या आणि सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून, तो लेकीच्या मागून तिच्या घरात गेला.