दत्ताची उंच गाडी

दत्ता मेला तेव्हा त्याची गाडी दारात उभी होती.

टाकी भरलेली. टायर नवे. चावी त्याच्याच हातात.

आज वर्ष झालं.

दत्ता माझा शेजारी, आणि वाडीच्या शाळेतला माझा सोबती. मंडणगड तालुक्यात आमची वाडी वर सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे. डांबरी रस्ता खालीच संपतो. तिथून वर घाटीची वाट, नुसती दगडांची. दर पावसात माती वाहून जाते आणि दगड आणखी वर येतात.

वाडीत गाडी एकच, दत्ताची पिकअप. ती चालवता येणारा माणूसही एकच. बाकी तरणे सगळे मुंबईला.

दत्ता गेला त्याच्या आधीच्या वर्षी, भातकापणीत त्याच्या वडिलांना, तात्यांना, फुरसं चावलं.

आम्ही त्यांना पिकअपच्या हौद्यात झोपवलं. घाटीच्या मधल्या वळणावर एका दगडाला गाडीचं पोट टेकलं. चेंबर फुटला. ऑइल सगळं वाटेवर.

तात्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "का रं थांबला?"

दत्ता पुढून ओरडला, "ह्ये काय, निघालोच तात्या."

निघालो नाही. तिथून त्यांना खांद्यावर नेलं. तात्या हॉस्पिटलपर्यंत पोचले नाहीत.

तेरावं झालं आणि दत्ता मला म्हणाला, "चल चिपळूणला. गाडी उचलून घ्यायची."

गॅरेजवाले इक्बालभाई आमच्या ओळखीचे. गाडीखाली वाकून बघत म्हणाले, "हौस म्हणून करतोस, का काम हाय?"

"काम हाय."

"उंच गाडी वळणाला झुकते, दत्ता."

"झुकू दे. टेकता नये."

"आणि आरटीओत पासिंगला काय सांगशील?"

"सांगीन, आधी माझा रस्ता पास करा."

इक्बालभाई हसले. दत्ता हसला नाही.

गाडी जॅकवर घेऊन चाकं काढली. मागे कमानपाटे आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळे बसवून लांब यू-बोल्टने आवळले. पुढचं सस्पेन्शनही उचललं. शॉकअप लांब, ब्रेकचे पाइप लांब. मग खोल नक्षीचे मोठे टायर चढवले. स्टेअरिंग पुरतं फिरवलं तर टायर मडगार्डला घासायला लागला, म्हणून तेवढा पत्रा कापला.

गाडी जमिनीवर आली तसा दत्ता उताणा तिच्याखाली सरकला. घाटीतला तो दगड त्याने हाताने मापून ठेवला होता. एक वीत, वर चार बोटं. चेंबरखाली त्याने तसेच हात लावले. वर अजून जागा उरली.

हात काढून त्याने पुन्हा मापलं.

मग आतून म्हणाला, "त्या दिवशी गेली असती रं."

वाडीत आल्यावर गाडी देवळासमोर उभी केली. टायरखाली लिंबं ठेवली. गुरवकाकांनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही गाडी दगडाला अडाकता नये..."

"व्हय म्हाराजा!"

"हिच्यातनं खाली गेलेला मानूस आपल्या पायानं घरी येवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज दत्ताचा.

गाडी इतकी उंच झाली की म्हाताऱ्यांचा पाय पोचेना. दत्ताने जांभ्या दगडाचा एक चिरा हौद्यातच ठेवून दिला, पायरीला. दत्ताची बायको, शेवंती वहिनी, म्हणायची, "हत्ती आनलात काय दारात?"

त्या हत्तीवरून बाळंतिणी गेल्या, तापाची पोरं गेली, खुबा मोडलेली आमची काकी गेली. सगळी घरी परत आली. डांबरीला लागला की दत्ता मला फोन करायचा. बोलणं एकच.

"टेकली नाय रं."

आणि फोन बंद.

मग त्याच्याच छातीत कळ आली. सकाळची वेळ. घामाने बनियन चिकटलेलं. आम्ही धावत पोचलो तोवर तो स्वतः चढून स्टेअरिंगवर बसला होता. चावी घातलेली.

माझ्याकडे बघून म्हणाला, "क्लच दबत नाय रं. पायात जोरच नाय."

त्याने चावी काढून मुठीत धरली. आम्हाला कुणालाच ती मागता आली नाही. घेऊन काय करणार होतो?

ॲम्ब्युलन्स खाली डांबरीवर येऊन थांबली होती. बांबूला गोधडी बांधून आम्ही डोली केली. मधलं वळण, तो दगड मागे पडला, आणि डोली एकदम जड झाली.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. चालत राहिलो.

मी देवाशी भांडलो नाही. तो माझा स्वभाव नाही. पण देवळात उभा राहिलो की ते गाऱ्हाणं आठवतं. गाडीसाठी मागितलं, देवाने दिलं. तिच्यातून जाणाऱ्यांसाठी मागितलं, तेही दिलं.

चालवणाऱ्यासाठी आमच्यापैकी कुणी काही मागितलंच नव्हतं.

गाडी विकायला वहिनी तयार झाली नाही. एक दिवस चावी माझ्यासमोर धरली. "भावोजी, शिका."

या वयात शिकलो. वाडीने पोट धरून हसून घेतलं. पण शिकलो.

आज सकाळी गाडी पुन्हा देवळासमोर लावली. लिंबं, नारळ, गुरवकाकांचं तेच गाऱ्हाणं. आमच्याकडे बायका मागे उभ्या राहतात, गाऱ्हाण्यात बोलत नाहीत.

गुरवकाका नारळ खाली आणणार एवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला.

"आनि चालवनाऱ्याला पन सांबाळ, म्हाराजा."



गुरवकाकांनी नारळ पुन्हा कपाळाला लावला. वहिनीचेच शब्द म्हटले. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले.

दत्ता, घाटी उतरून डांबरीच्या कडेला गाडी लावून हे लिहितोय.

टेकली नाय रं.

सगळ्या वाडीचा तुला नमस्कार.