शेळीच्या ग्रुपवरचे गादीवाले चाचा

कोणी धन्यवाद म्हटलं की गादीवाले चाचा चिडत. शेळीपालनाच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी आजारी शेळीचा फोटो टाकी, कोणी औषध सांगे, आणि लगेच जोडलेल्या हातांची, फुलांची रांग लागे. मग चाचांचा आवाज यायचा, मागे कापूस पिंजायच्या मशीनची घरघर: "अरे बापा, बकरी आखीन उभी नाही राह्यली, अन् धन्यवाद कायचा देऊन राह्यले? तिले उठू तं द्या."

जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागे त्यांचं गादी भरायचं दुकान होतं. आता चाचा नाहीत, आणि तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. घरी त्यांच्या दोन-तीन बकऱ्या असत. बकऱ्यांतलं त्यांना फार कळत होतं असं मुळीच नाही. कोणी विचारलं तर ते सरळ म्हणत, "मले नाही मालूम." हे वाक्य आमच्या ग्रुपवर दुसऱ्या कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळे सर्वज्ञ. ज्यांच्या दारात कोंबडीसुद्धा नव्हती, ते जंताच्या औषधाचं प्रमाण सांगत.

या सर्वज्ञांचे प्रमुख म्हणजे ग्रुपचे ॲडमिन. त्यांना सगळे 'सर' म्हणत. त्यांनी कुठे शिकवल्याचं कोणाला ठाऊक नव्हतं. चाऱ्याच्या बियाण्याचं दुकान होतं आणि अकोल्याला काही दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र होतं. ते त्यांनी फोटोच्या जागी लावलेलं. सकाळी सुविचार, दुपारी बियाण्याची जाहिरात, संध्याकाळी 'ग्रुपची शिस्त पाळा.' ते शिंकले असते तरी खाली 'खूप छान माहिती सर' असं आलं असतं.

विचारणारेही धन्य होते. शेळीच्या ढुंगणाचा हललेला फोटो आणि खाली 'उपाय सांगा'. एवढंच. चाचा वैतागत. "काय खाल्लं, कवा खाल्लं, पाणी पेते का नाही, लिहा न. निस्ती शेपटी पाहून मी काय सांगू?"

पण चाचांची खरी खोड वेगळी. आठ-दहा दिवसांनी, सगळे विसरल्यावर, ते एखादा जुना प्रश्न वर काढत आणि खाली लिहीत, 'मंग काय झालं?' लोकांना याचा भारी राग. "चाचा, जुनं काऊन उकरता?" असं एकाने विचारलं, तर चाचा म्हणाले, "जुनं नाही बापा, अर्धं हाय. औषध सांगतलं ते लिवलं, गुण आला का नाही ते कोन लिवन?" मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. माझ्या करडांच्या हगवणीवर मी ग्रुपवर सांगितलेली कुठलीशी पावडर दिली होती. बाजारात, मेथीची जुडी हातात असताना, त्यांनी मला गाठलं आणि घरी गेल्यावर लिहायला लावलं: 'पावडरीने काही झालं नाही. करडं आपोआप बरी झाली.' त्यावर कोणाचंही फूल आलं नाही.

एका पावसाळ्यात सुनीताने ग्रुपवर विचारलं. सातपुड्याच्या पायथ्याला तिचं सासर, दोन शेळ्या, त्यातली एक गाभण. ओला चारा खाऊन गाभण शेळीचं पोट फुगलं होतं. सरांनी लगेच सांगितलं, 'तोंड वर धरा आणि गोडेतेल भसकन ओता. खात्रीचा उपाय.' हात जुळले, फुलं पडली.

दोन दिवसांनी निर्मला नावाच्या दुसऱ्या बाईने तेच दुखणं विचारलं. सरांनी तोच उपाय टाकला आणि वर लिहिलं, 'परवा एका ताईंची शेळी यानेच वाचली.'

चाचांनी खाली विचारलं, 'सुनीता, मंग काय झालं?'

तिचा एक शब्द आला. 'मेली.'

सरांनी उत्तर दिलं, 'ताईंनी चुकीचं पाजलं असेल.' लगेच पाच-सहा जणांनी मान डोलावली: आजकालच्या पोरींना काही जमत नाही, सांगितलेलं नीट करत नाहीत. चाचा म्हणाले, "तुमी सांगतलं तसंच केलं न तिनं? मंग चूक कोनाची?" यावर सरांनी शिस्तीचं कारण देऊन चाचांना काढून टाकलं. एकाही माणसाने विचारलं नाही, का काढलं म्हणून. उलट एकाने लिहिलं, 'योग्य निर्णय सर.'

पुढच्या आठवड्यात निर्मलाने लिहिलं, 'धन्यवाद सर, शेळी बरी झाली.' मी तिला फोन लावला.

"काय गं, तेल पाजलंस का?"

"नाही काकू. सुनीताचं वाचून भेवच लागला. दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हने, मुंडकं वर करून ओतलं तं तेल फुफ्फुसात जाते, पाजूच नका."

"मग सरांचे आभार कशाचे?"

"आता काकू, एवढ्या मोठ्या मानसाले वाईट नाही का वाटनार?"

सुनीताची सासू तिकडे गावभर सांगत होती, मोबाईल पाहून सुनेनं गाभण बकरी मारली. आणि इकडे सरांना वाईट वाटू नये म्हणून ही बाई खोटं लिहीत होती. अशा माणसांचा ग्रुप असतो आणि वर त्याला 'परिवार' म्हणतात.

मी लिहिलं: 'निर्मलाची शेळी दवाखान्यात नेली म्हणून वाचली, तेल पाजलंच नव्हतं. तोंड वर धरून तेल ओतलं की ते फुफ्फुसात जातं, असं डॉक्टर म्हणाले. सुनीताने सरांनी सांगितलं तसंच केलं होतं. चूक तिची नाही.' चहा निवायच्या आत मलाही काढलं.

बाजाराच्या दिवशी मी चाचांच्या दुकानात गेले. ते नाकातोंडाला फडकं बांधून कापूस पिंजत होते. "घ्या चाचा, मलाही काढलं," म्हणाले आणि काय लिहिलं ते वाचून दाखवलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी मशीन बंद केली.

"सुनीतानं वाचलं का?"

ते पाहायचं मला सुचलंच नव्हतं. मी त्या मजकुरावर बोट दाबलं, वाचणाऱ्यांची नावं उघडली. सर होते, निर्मला होती, ते 'योग्य निर्णय'वाले होते. मी यादी खाली सरकवत गेले.

"वाचलं," मी म्हणाले.

चाचांनी फडकं पुन्हा नाकावर ओढलं आणि मशीन सुरू केली.