दलदलीतली राजधानी

वस्तादांनी आपल्या साम्राज्याची राजधानी दलदलीत वसवली आणि वर "मुद्दाम वसवली" असं ठणकावून सांगितलं.

सलूनमध्ये तेव्हा एकच गिऱ्हाईक होतं आणि ते छोटूच्या खुर्चीत डोळे मिटून बसलं होतं. छोटू म्हणजे वस्तादांचा मेहुणा. मिसरूड फुटायच्या आत तो बहिणीच्या नवऱ्याकडे काम शिकायला आला. तेव्हा पडलेलं नाव, आता टक्कल पडलं तरी सुटलेलं नाही. दुकान दोघांचं, खुर्च्या दोन, आरसे दोन, पण वस्ताद एकच. केस कापता कापता ते जगातल्या लढाया सांगत. कुठला राजा कुठल्या खिंडीत कसा अडकला हे ऐकताना गिऱ्हाइकाची मान आपोआप ताठ राहते, असं त्यांचं म्हणणं. केस कापून झाले तरी लढाई संपलेली नसे. मग उरलेली पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकावी लागे, तीही मधूनच.

म्हणूनच परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने त्यांना नुकताच बाजारात आलेला गेम पाठवला. इतिहासाचा, साम्राज्य उभारायचा. गल्ल्याजवळच्या कॉम्प्युटरने तोवर गाणी लावण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यावर तिने फोनवरून सांगून सांगून गेम चढवून घेतला.

"बाबा, जन्मभर दुसऱ्यांची राज्यं सांगितलीत, आता स्वतःचं करा," ती म्हणाली. "आणि रविवारी मला सांगायचं, पहिल्यांदा बघून कसा वाटला. खरं खरं."

गेम देखणा होता, यात वाद नाही. सुरुवातीला सगळी जमीन ढगांखाली झाकलेली. हाताशी माणसांची एक टोळी आणि एक भालेवाला. टोळी थांबेल तिथे नगर वसायचं. मग शेतं, कोठारं, तटबंदी. ढग सरकत जातील तसे शेजारचे राजे-राण्या भेटायला येत, तोंडभर हसत आणि हळूच सीमेवर फौज आणून ठेवत. वस्ताद खूश झाले. "माणसाचा स्वभाव बरोबर पकडलाय," ते म्हणाले. सगळ्यात सोयीचं म्हणजे आपण चाल केल्याशिवाय पान हलत नसे. गिऱ्हाईक आलं की उठावं, राज्य जागच्या जागी थांबतं. छोटूलाही शेजारचं एक राज्य देता आलं. एका गिऱ्हाइकाला वस्ताद घेत तेव्हा छोटू चाल करी, दुसऱ्याला छोटू घेई तेव्हा वस्ताद.

पण दोन-तीन दिवसांत वस्तादांचं मत फिरलं. त्यांनी घोडेस्वार खिंडीकडे पाठवले, ते समुद्रावर जाऊन उभे राहिले. नदीवर पूल बांधायला काढला, तो डोंगराच्या पायथ्याशी उभा राहिला. शेजारच्या राणीशी सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. गेमने एकदा विचारलं, खरंच युद्ध पुकारायचं का? खाली 'हो' आणि 'नाही'. वस्तादांनी 'हो' दाबलं.

"बाईंनी काय घोडं मारलं होतं तुमचं, भाऊजी?" छोटूने विचारलं.

"मी 'नाही' दाबलं होतं. गेमच धड नाही. सैन्य ऐकत नाही म्हणजे काय?"

दोष माउसचा असेल म्हणून नवा माउस आणला. त्याच माउसने छोटूचे शिपाई सांगू तिथे मुकाट्याने जात. "तुझं सैन्य लाळघोटं आहे," वस्ताद म्हणाले. "रविवारी सांगणार आहे पोरीला. पैसे पाण्यात गेले म्हणावं."

शुक्रवारी दुपारी सलून रिकामं होतं. छोटू कंगवे धूत होता आणि वस्ताद चाल करत होते. नवं नगर नदीकाठी वसवायचं होतं. छोटूने सहज पडद्याकडे पाहिलं. माउसचा बाण नदीकाठच्या चौकोनावर गेला, पण तिथे ठरेना. पाण्यावरच्या पानासारखा तो इकडे तिकडे डुचमळत राहिला. वस्तादांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि दाबलं. नगर पुन्हा दलदलीत गेलं.

गेले काही महिने दाढीचं गिऱ्हाईक आलं की वस्ताद म्हणत, "तू घे रे, मला जरा कंटाळा आलाय." चहाचा कप अर्धाच भरायला सांगत. कापल्यावर लावायचा तुरटीचा खडा भराभर झिजत होता. हे सगळं छोटूने पाहिलं होतं आणि त्यातलं काहीच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. स्वतःचा त्याला मनापासून राग आला.

पण बोलायचं कसं? याच हाताने त्याचा हात धरून त्याला वस्तरा शिकवला होता. फुग्याला फेस लावायचा आणि तो अलगद काढायचा. फुगा फुटला की दिवसभर झाडू. पहिला फुगा शाबूत राहिला तेव्हा वस्तादांनी तो घरी नेऊन ताईला दाखवला होता. आता त्यांना म्हणायचं की भाऊजी, वस्तरा खाली ठेवा? छोटू कंगवे दुसऱ्यांदा धुवायला लागला.

शनिवारी मॅनेजरसाहेब आले. बँकेतून निवृत्त झालेले, आणि दाढी फक्त वस्तादांच्या हातची. त्यांच्या गळ्यावर, अगदी शिरेजवळ, एक चामखीळ आहे, आणि ती कुठे आहे हे आपल्याशिवाय फक्त वस्तादांनाच ठाऊक, असं ते चारचौघांत सांगत. त्यांना "तू घे रे" म्हणणं वस्तादांना शक्य नव्हतं. त्यांनी फेस लावला. नवं पातं बसवलं. साहेबांनी हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

छोटूच्या खुर्चीतलं डोकं अर्धं कापून झालं होतं. बाकावर दोघे थांबले होते. आरशात त्याला वस्तादांचा हात दिसत होता. वस्तरा गळ्यापासून वीतभर दूर होता आणि पातं ट्यूबलाइटखाली लुकलुकत होतं. वस्तादांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

"भाऊजी!" छोटू ओरडलाच. "अहो, तुमच्या राजधानीला वेढा पडलाय. आधी तिकडे बघा."

सलूनमध्ये कुणाला काही कळलं नाही. वस्तादांना कळलं. आपण उठलो की राज्य थांबतं, वेढा पडूच शकत नाही, हे त्यांनीच छोटूला पहिल्या दिवशी समजावलं होतं. त्यांनी आरशातून मेहुण्याकडे पाहिलं. छोटूने नजर काढली नाही. काढावीशी फार वाटली, पण काढली नाही.

"साहेब," वस्ताद म्हणाले, "मला जरा तिकडे जावं लागतंय. आज छोटू करेल."

साहेबांनी एक डोळा उघडला. "अहो, पण तुमचा हात..."

"त्याचा हात मीच बसवलाय. माझ्याआधी तरी तो थरथरणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. साहेबांनी ते थट्टेवारी घेतलं आणि डोळे मिटले. वस्तादांनी वस्तरा छोटूच्या हातात दिला, मुठीची बाजू पुढे करून, शिकवला होता तसा. मग गल्ल्याजवळ जाऊन बसले. पडद्यावर सगळं शांत होतं. राणी हसत होती, गेम त्यांच्या चालीची वाट पाहत होता. त्यांनी माउसला हात लावला नाही. साहेबांची दाढी संपेपर्यंत ते पडद्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गर्दी ओसरल्यावर लेकीचा फोन आला. वस्तादांनी तो गल्ल्यावर ठेवून आवाज मोठा केला, छोटूला ऐकू जाईल इतका.

"मग बाबा, कसा वाटला गेम? मामा म्हणत होता, तुम्ही नुसती नावं ठेवताय."

"ठेवली होती. ती परत घेतो," वस्ताद म्हणाले. "गेम चांगला आहे. सैन्य सांगू तिथे जातं. त्याच्यात काही खोट नाही. माझाच हात थरथरतोय गं, बाण ठरत नाही एका जागी."

तिने अगदी हळू विचारलं, "कधीपासून?"

"राजधानी चुकली त्याच्या बऱ्याच आधीपासून. उगाच घाबरू नकोस. उद्या दुकान बंद असतं, छोटू मला डॉक्टरकडे नेणार आहे."

छोटूला हे आत्ताच कळत होतं. "नेतो की," तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक नसताना वस्तादांची खुर्ची पुसायला लागला.