पट्ट्या काढत येणारा माणूस

आमच्या कंपनीच्या ट्रेकिंग ग्रुपला डोंगराइतकीच समारंभाची आवड होती. चाकणच्या गेटवर पहाटे बस लागायची, नारळ फुटायचा, प्लँट हेड हिरवा झेंडा दाखवायचे. बस थोडी पुढे जाऊन थांबायची आणि झेंडा पुन्हा दाखवला जायचा, कारण पहिल्या वेळी फोटोत बॅनर दुमडलेला आलेला असायचा. या सहलींना 'मोहीम' म्हणत. सेफ्टी विभागातले एक साहेब मोहीमप्रमुख होते. मनगटावर उपग्रहाकडे विचारपूस करणारं घड्याळ, गळ्यात शिटी आणि पाठीवर 'लीड' असं छापलेला टी-शर्ट. माणूस वाईट नव्हता. डोंगरही ऑडिटसारखा पास करायचा असतो, एवढीच त्यांची समजूत होती.

मी त्याच कंपनीत टूल रूमला होतो. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, प्रेस शॉपमध्ये. दाजी पुनावळ्याचे. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता टॉवर उभे आहेत, आणि त्यातल्याच एकात सातव्या मजल्यावर ते राहत. जमिनीचा पैसा आल्यावर त्यांच्या भावकीतल्या बऱ्याच जणांनी नोकऱ्या सोडल्या आणि पांढरे शर्ट शिवले. दाजी शिफ्टला जात राहिले. "घरी बसून काय करू? खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी बघू?" म्हणायचे. त्यांना साखरेचा आजार होता. इन्सुलिन घ्यावं लागे, आणि घेतल्यावर वेळेवर खावं लागे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते ट्रेकिंगला यायला लागले आणि तिथे त्यांना एक पद मिळालं. बॅकलीड. म्हणजे सर्वांत शेवटी चालणारा.

आमची वाट काढण्याची रीत अशी होती. मोहीमप्रमुख आधी कुणातरी अनोळखी माणसाने फोनवर नोंदवलेली वाट इंटरनेटवरून उतरवून घेत. पडद्यावर निळी रेघ दिसे आणि ते तिच्यावरून चालत. एकदा ती रेघ सपाट माळावर मधेच एका करवंदीच्या जाळीमागे जाऊन परत आली होती. आम्हीही सगळे शिस्तीत त्या जाळीमागे जाऊन परत आलो. तो अनोळखी माणूस तिथे कशासाठी गेला होता, हे परत येताना सगळ्यांच्या लक्षात आलं.

जिथे फाटा फुटेल तिथे मोहीमप्रमुख झाडाला पिवळ्या-काळ्या टेपची पट्टी बांधत. कारखान्यात दुरुस्तीच्या मशीनभोवती बांधतात ती. स्टोअरमधून तिचा गुंडाळा यायचा. मागच्यांनी पट्टी बघून वळायचं आणि सगळ्यात शेवटी दाजींनी ती सोडून खिशात घालायची. डोंगरात प्लास्टिक ठेवायचं नाही. हे काम दाजींच्या स्वभावाला चपखल होतं. त्यांच्या प्रेस शॉपला 'फाइव्ह एस'ची, म्हणजे टापटिपीची ढाल मिळालेली होती. वस्तू जागच्या जागी ठेवायची, काम झालं की आपली खूणसुद्धा उरता कामा नये, हे त्यांच्या हातात मुरलं होतं.

मी होकायंत्र आणि कागदी नकाशा बाळगायचो. त्यावरून माझी चेष्टा होई. "भाऊ, नकाशाची घडी घालता येते का परत?" असं एक पोरगेला इंजिनियर विचारायचा. मला ती खरोखरच येत नसे.

त्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या रविवारी आम्ही मावळातून कोकणात उतरणारी एक जुनी घाटवाट धरली. बस वळसा घालून खालच्या वाडीत येणार होती. पठारावर जेवलो. दाजींनी आडोशाला जाऊन पोटात सुई टोचली आणि ताईने दिलेली भाकरी नीट संपवली. जेवताना मला हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्ये सायब डोंगराकडं बघतच न्हाईत. फोनातल्या डोंगराकडंच बघत्यात."

"तुम्ही सांगा की त्यांना."

"आमी कशाला सांगू? आमी शेवटी. त्ये चुकलं तर आमी चुकणार. चुकायला बी नंबर लागतो."

निघताना त्या इंजिनियर पोराने दाजींची सॅक उचलली. "काका, उतार आहे, द्या इकडे." दाजींनी थोडे आढेवेढे घेतले आणि दिली. वडीलधाऱ्याचं ओझं तरण्याने घ्यावं, यात कुणाला काय वावगं दिसणार? सॅकमध्ये त्यांचे लाडू होते, ग्लुकोजची पुडी होती, पाणी होतं. खिशात फक्त फोन उरला. त्यात ती निळी रेघ नव्हती, आणि घाटाच्या तोंडाशी रेंज कधीच गेली होती.

उतार सुरू झाला आणि दरीतून धुकं वर आलं. डोंगराच्या सोंडेवर कारवीची झुडपं माणसाच्या डोक्यावर गेलेली. पुढच्याची पाठ दिसेनाशी झाली. मी मधे होतो. मागे कुठेतरी दाजी खोकत होते, मग तो आवाज पाण्याच्या आवाजात मिसळला. शिटी एकच होती आणि ती पुढे होती.

खाली वाडीत पोहोचल्यावर मोजणी झाली. दाजी नव्हते. पहिल्यांदा कुणालाच काही वाटलं नाही, बॅकलीड शेवटीच येणार. चहा झाला. मग त्या पोराने बाकावर ठेवलेली दाजींची सॅक माझ्या नजरेला पडली. ताईचा फोन वाडीतल्या एकुलत्या रेंजच्या जागी मला लागला. मी सांगितलं की मागे आहेत, येतील. ती म्हणाली, "त्यांनी खाल्लं का काही?" तिला दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

आम्ही काहीजण आणि वाडीतला एक प्रौढ माणूस पुन्हा चढू लागलो. आमच्या पट्ट्या झाडांना तशाच होत्या, म्हणजे दाजी इथवर आलेच नव्हते. एका मोठ्या आंब्यापाशी शेवटची पट्टी दिसली. त्याच्या वरच्या फाट्यांवर एकही पट्टी नव्हती. त्या त्यांनी काढल्या होत्या. म्हणजे आंब्याच्या जरा वर ते वाट सोडून गेले, एवढं पट्ट्यांनी सांगितलं आणि त्यापुढे सांगायला काही शिल्लक नव्हतं. तिथून कारवीत चहूकडे ढोरवाटा फुटल्या होत्या.

आम्ही हाका मारल्या. मोहीमप्रमुखांनी शिटी वाजवली. मी नकाशा काढला. दोन सोंडा, मधे नाळ म्हणजे पाण्याची अरुंद घळ, पलीकडे कडा, हे सगळं त्यावर बरोबर होतं. होकायंत्राने उत्तर दिशा बरोबर दाखवली. माणूस कुठे आहे, हे दोन्हींपैकी कुठल्याच वस्तूला ठाऊक नसतं. वाडीतला माणूस म्हणाला, "अंधार पडताना नाळेत शिरलो तर आपल्याला शोधायला उद्या दुसरे येतील." ते खरं होतं. आम्ही खाली आलो.

सकाळी डोंगरात हरवलेल्यांना शोधणारी काही मंडळी आली. ही माणसं भाषण करत नाहीत. त्यांच्यातल्या एकाने आंब्यापाशी उभं राहून विचारलं, "इथे मागच्या आठवड्यात अजून कोणता ग्रुप आला होता?" कुणाला माहीत नव्हतं. तो म्हणाला की पलीकडच्या कड्यावरून दोर लावून उतरायला चाकणकडचे ग्रुप येतात. मग तो वाट सोडून सरळ आडवा गेला, कारवी संपते तिथवर, आणि कड्याच्या काठाशी एका खडकाला टेकून बसलेले दाजी सापडले.

ते पडले नव्हते, खरचटलंही नव्हतं. बसल्या जागी गेले होते. साखर उतरली, अंगावर ओले कपडे, वारा, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

काय घडलं ते त्यांच्या खिशावरून कळलं. तिथे आमच्या पट्ट्या होत्या आणि त्याच रंगाच्या, पण जरा जुन्या, दुसऱ्या कुणाच्या पट्ट्याही होत्या. आधीच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा ग्रुप दोराच्या जागेकडे जाताना बांधून गेला होता आणि काढायला विसरला होता. चाकणकडच्या सगळ्या कारखान्यांच्या स्टोअरमध्ये टेपचा एकच माल येतो. धुक्यात दाजींना आंब्यावरच्या आमच्या पट्टीआधी त्यांची पट्टी दिसली. ते वळले आणि शिस्तीने एकेक पट्टी सोडवून खिशात घालत कड्यापर्यंत गेले. पुढे रिकामी दरी. परत फिरायचं, तर मागे एकही खूण ठेवली नव्हती. त्यांच्या स्वतःच्याच हातांनी वाट साफ झाली होती. थोडं इकडेतिकडे फिरले असणार, बुटांना वेगवेगळ्या रंगाची माती होती. मग शहाण्या माणसाने करावं तेच केलं. हालचाल थांबवली आणि कुणीतरी येण्याची वाट बघितली.

तेराव्यानंतर कंपनीत शोकसभा झाली. स्टेजवर फुलांच्या दोन परड्या, त्यातली एक मागच्या आठवड्यात कुणा परदेशी पाहुण्यासाठी आणलेल्यासारखीच. मोहीमप्रमुखांनी पडद्यावर 'काय शिकलो' असं सादरीकरण दाखवलं. त्यात बाण होते, चौकोन होते, आणि 'मूळ कारण' या चौकोनात 'मानवी चूक' असं लिहिलेलं होतं. यापुढे बॅकलीडला स्वतंत्र शिटी मिळेल, फोनमध्ये वाट मिळेल आणि आपल्या पट्ट्यांवर कंपनीचं चिन्ह छापलं जाईल असं ठरलं. दरवर्षी त्यांच्या नावाने एक मोहीम निघेल असंही जाहीर झालं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना ठरवता येईना. काहींनी वाजवल्या. इंजिनियर पोरगा मागच्या रांगेत होता. तो सभा संपायच्या आत उठून गेला आणि मग कुठल्याच मोहिमेला आला नाही.

ताई सभेला आली नव्हती. ती घरी होती. मी गेलो तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला आणि पुढे महिनाभर तोच विचारत राहिली. "तुम्ही हाका मारल्या त्या त्यांना ऐकू गेल्या असतील?"

मी सांगायचो की धुक्यात आवाज दबतो. पाणी वाजत होतं. साखर उतरली की माणसाला भानच राहत नाही. हे सगळं खोटं नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि भांडी आवरायला उठायची.

मार्गशीर्षात ती म्हणाली, "मला तिथं ने."

मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच बुटांचा जोड आणलेला दिसला. आम्ही वाडीत उतरलो आणि त्याच माणसाला बरोबर घेतलं. आकाश निरभ्र होतं, नाळ कोरडी पडली होती, कारवीची पानं झडून काटक्या उरल्या होत्या. ताई न थांबता चढली. आंब्यापाशी मी तिला वाट दाखवली, तिथून आम्ही आडवे जाऊन खडकापर्यंत पोहोचलो. चालायला किती कमी वेळ लागला हे तिच्या लक्षात आलं, माझ्याही आलं.

खडकाला टेकून ती बसली. पदर डोक्यावरून घट्ट घेतला. मग मला म्हणाली, "तू जा त्या आंब्यापाशी. तिथनं हाक मार. त्या दिवशी मारलीस तशीच."

"ताई, आज धुकं नाही. पाणी नाही. आजच्यावरून काही कळणार नाही."

"माहीत आहे मला. जा."

वाडीतला माणूस तिच्याजवळ थांबला. मी एकटा आंब्याखाली आलो. त्या दिवशी कुठे उभा होतो, तोंड कुणीकडे होतं, ते आठवत नव्हतं. अंदाजाने उभा राहिलो आणि हाक मारली. दाजी. पुन्हा मारली. कड्याकडून काहीच आलं नाही. किती वेळा मारायची हे तिने सांगितलं नव्हतं, म्हणून घसा बसेपर्यंत मारत राहिलो.

परत गेलो तेव्हा ती उठून उभी होती, साडीची माती झटकत होती.

"पहिल्याच वेळी आली ऐकू," ती म्हणाली. "नीट आली. तुझाच आवाज आहे हेही कळलं."

मी धुक्याचं पुन्हा सांगायला तोंड उघडलं. तिने हात वर करून थांबवलं.

"राहू दे. चल, खाली उतरू."